प्रेमलाताई आज फोन करतील

"माझं नाव कशाला?" प्रेमलाताईंनी आमोदकडे चष्म्यावरून पाहिलं. "माझ्या नावावर काय खपवायचंय तुला?"

बापूराव पाण्याच्या टाक्या धुऊन द्यायचा धंदा करत आणि वारज्यातल्या त्यांच्या छोट्याशा कचेरीत प्रेमलाताई फोन सांभाळत. वेबसाइट सुधारायला आलेला हा आमोद त्यांना पहिल्या दिवसापासून खटकला होता. तसं त्यांना न खटकणारं जगात फारसं काही नव्हतंच. दुधाची पिशवी त्या वास घेतल्याशिवाय घेत नसत आणि फुकटच्या कॅलेंडरातल्या एकादश्या विकतच्या कॅलेंडराशी ताडून बघत.

"ताई, ऐका ना," आमोद म्हणाला. "कस्टमर फॉर्म भरतो आणि आपलं पेज नुसतं 'थँक यू' म्हणून गप्प बसतं. मग तो दुसऱ्या साइटवर जातो. त्याला तिथेच सांगायचं, पुढे काय होणार, कोण फोन करणार. सोबत तुमचा फोटो. ट्रस्ट वाटतो लोकांना."

"सगळं तुझं पानच सांगणार, मग मी काय करायचं? माश्या मारायच्या?"

"फोन तुम्हीच करायचा! तोच तर पॉइंट आहे."

प्रेमलाताईंना ते काही पटलं नाही. पोरगा गोड बोलून आपली खुर्ची काढतोय, असा त्यांना दाट संशय होता. त्यातून आभार या प्रकाराचीच त्यांनी धास्ती घेतली होती. यजमानांची कंपनी बंद पडली, तेव्हा साहेबांनी भरसभेत सगळ्यांचे आभार मानले होते आणि दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप होतं. तेव्हापासून कोणी आभार मानायला लागलं की त्यांचा हात आपोआप पर्सकडे जाई.

त्या तडक आतल्या खोलीत बापूरावांकडे गेल्या.

"अहो ताई," लोणी काळभोरचे बापूराव हसले, "तुमचं नाव पानावर चढलं म्हंजे तुम्ही पक्क्या झाल्या. नाव हाय तवर माणूस हाय!"

एवढं ऐकल्यावर त्या तयार झाल्या. मोरपंखी साडी नेसून फोटो काढला. गिऱ्हाइकाला फोन लावला की त्या पहिल्यांदा एकच विचारायच्या, घरात पाणी भरून ठेवलंत का? कारण टाकी धुवायला घेतली की संध्याकाळपर्यंत नळ कोरडे. आमोदनं तेही पानावर घातलं. फॉर्म भरला की दिसायचं, 'धन्यवाद! प्रेमलाताई तुम्हाला आज फोन करतील. तोवर दोन बादल्या पाणी भरून ठेवा.'

आणि खरंच फरक पडला. "त्या फोटोतल्या तुम्हीच ना? भरल्या हं बादल्या!" असं लोक हसत सांगू लागले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना नावानं ओळखणारं कोणी भेटलं नव्हतं. प्रेमलाताई सुखावल्या. एकदा तर दुधाची पिशवी त्यांनी वास न घेताच थैलीत टाकली.

नेमकं त्याच सुमारास बापूरावांनी त्यांना शाल आणि नारळ दिला.

"गुडघे चालंनात माझे. खराडीच्या एका कंपनीला धंदा देऊन टाकला. तुमचे लई उपकार हायेत, ताई. आभार कसे मानू?"

प्रेमलाताईंचा हात पर्सकडे गेला. "मला घेतायत का तिकडे?"

"इचारलं मी. त्यांची माणसं हायेत म्हणाले."

"आणि माझं नाव?"

बापूरावांनी मान खाली घातली. "ते साइटवर हाय. साइट दिली, त्यात समदंच आलं."

घरी बसल्यावर त्यांच्या मनात एकच भुंगा फिरू लागला. आपल्या नावानं तिकडे कोण काय बोलतंय? शेवटी एका दुपारी त्यांनी मोबाइलवर ती साइट उघडली. नावाच्या जागी शेजारच्या आनंदीचं नाव टाकलं, नंबर स्वतःचा दिला. मोरपंखी साडीतल्या प्रेमलाताई हसत समोर आल्या. प्रेमलाताई आज फोन करतील, असं त्यांनीच त्यांना सांगितलं.

काय काय सुनवायचं ते ठरवून त्या फोन मांडीवर घेऊन बसल्या. थोड्या वेळानं तो वाजला.

"नमस्कार, मी प्रेमलाताई बोलतेय." आवाज अगदी कोवळा होता. "आनंदीकाकू ना? घरात पाणी भरून ठेवलंत का?"

ठरवलेलं सुनवायचं राहूनच गेलं. पलीकडे, त्या मुलीच्या मागे, आणखी दोघीतिघी प्रेमलाताई बोलत होत्या.

"तुझं खरं नाव काय गं?" त्यांनी विचारलं.

मुलगी एकदम हळू बोलू लागली. "श्रद्धा. वर्ध्याची आहो मी. पण सांगू नका हो कोणाले. आमाले मनाई आहे."

"नाही सांगणार. जेवलीस?"

"नाही अजून." तिनं आवाज पुन्हा ठाकठीक केला. "काकू, टाकी गच्चीवर आहे का?"

"टाकी नाही गं आमच्याकडे. उगाच भरला फॉर्म."

"मग नाव काढून टाकू?"

"आनंदीचं काढ, प्रेमलाताईचं राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि ते पाण्याचं मात्र सगळ्यांना विचारत जा."

"हो काकू. थँक यू."

पर्स शेजारीच होती. त्यांचा हात तिच्याकडे गेला नाही.

"जेवून घे, बाळ," म्हणून त्यांनी फोन ठेवला.