सोमवारचा तास

मास्तर बोलता बोलता थांबले. या जागी मनात चार आकडे मोजायचे, हे आता त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. हॉलमधले दिवे बंद होते. पडद्यावर पुठ्ठे बनवणाऱ्या यंत्राचे दोन लोखंडी रूळ दिसत होते, आणि खुर्च्यांवर बसलेली बावीस नवी माणसं जागच्या जागी थिजली होती. चौथ्या आकड्यानंतर मास्तरांनी आवाज खाली आणला.

“त्यानं बाही दुमडली नव्हती. बास. एक बाही.”

कुणाच्या तरी तोंडून ‘च्’ असा आवाज निघाला. मास्तरांनी हातातलं बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटली : ‘पोरीला शिकव रे.’ यंत्रावरच्या मेलेल्या जोडीदाराचे, लंबूचे, हे शेवटचे शब्द मास्तर कधी वाचून दाखवत नसत. लोकांना वाचू देत आणि मग दिवे लावायला सांगत. दिवे लागले की दोघीतिघी डोळे पुसत असायच्या, पुरुष उगाच छताकडे बघत असायचे. मग कुणाला काही विचारायचंय का, असं मास्तर विचारायचे. कुणाला काही विचारायचं नसायचं.

त्या सोमवारी शेवटच्या रांगेतून एक हात वर आला. पॅकिंगला नव्यानं लागलेल्या बायकांपैकी एक, चाळिशी ओलांडलेली, उठून उभी राहिली.

“त्या दिवशी त्यांच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता, भाऊजी,” ती म्हणाली. “मीच इस्त्री करून दिला होता.”

मास्तरांना भाऊजी म्हणणारं त्या कारखान्यात कुणी नव्हतं. त्यांनी चष्मा वर सरकवून नीट पाहिलं. लंबूची बायको. बारा वर्षांत निम्मी झाली होती. अपघातानंतर मुलीला घेऊन ती भावाकडे परगावी गेली होती. ती परत आल्याचं मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी चौकशी केली नव्हती.

सुपरवायझरनं घाईघाईनं चहाची वेळ झाल्याचं जाहीर केलं. खुर्च्या सरकल्या, माणसं बाहेर पडली. मास्तर हातातलं बटण दाबत राहिले. पडदा केव्हाच बंद झाला होता.

मास्तर हे काही खरे मास्तर नव्हेत. वीस-बावीस वर्षं ते त्याच यंत्रावर उभे होते. गुडघे गेले तेव्हा मॅनेजरांनी त्यांना नव्या माणसांचा सुरक्षेचा तास घ्यायला सांगितलं, आणि तेव्हापासून हे नाव चिकटलं. पहिलं वर्ष ते कागद हातात धरून नियम वाचायचे. नियम एकूण एकेचाळीस. एकदा एक जण इतका गाढ झोपला, की त्याला उठवायला त्याच्याच डोक्यावरचं हेल्मेट वाजवावं लागलं.

मग मॅनेजरांनी बाहेरून एका बाईंना बोलावलं. श्रोत्यांना धरून कसं ठेवायचं, हे शिकवणं हाच त्यांचा व्यवसाय होता. बाई मन लावून शिकवायच्या. कागदात बघू नका, माणसांच्या डोळ्यांत बघा. आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत, गोष्ट राहते. महत्त्वाच्या वाक्याआधी थांबा. आणि शेवटचं वाक्य असं हवं, की माणूस ते घरी घेऊन गेला पाहिजे. तुमच्या डोळ्यांदेखत कधी काही घडलंय का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मास्तरांनी लंबूचं सांगितलं. चौकशीच्या कागदात जसं होतं तसंच सांगितलं : सैल बाही, चूक कामगाराची. बाई पुढं सरकून बसल्या. शेवटी ते काही म्हणाले का, असं त्यांनी फार हळुवार विचारलं. मास्तरांना काय झालं कोण जाणे. समोरचं माणूस एवढं कान देऊन ऐकतंय, त्याला नाही कसं म्हणायचं, असं वाटलं असेल. “पोरीला शिकव म्हणाला,” ते बोलून गेले. बाईंनी ते लिहून घेतलं.

पहिल्यांदा हॉलमध्ये ते वाक्य आलं तेव्हा त्यांचा अंगठा बटणावर अडखळला होता. दहाव्यांदा त्यांच्याच डोळ्यांत खरं पाणी आलं. त्यानंतर तर कारखान्याचे पाहुणेसुद्धा मास्तरांचा तास ऐकायला यायचे.

चहा झाल्यावर ती जिन्यात त्यांची वाट बघत उभी होती. ती रागावलेली असती तर बरं झालं असतं.

“बाहीचं राहू द्या, भाऊजी. मी उगीच बोलले सगळ्यांसमोर,” ती म्हणाली. “पण ते बोलले होते, हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?”

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हे तिनं सांगितलं. मघाशीच फोन करून तिला हे शब्द सांगितले. बाप गेला तेव्हा ती सात वर्षांची होती. कधी बापाचं नाव काढत नाही, पण आज फोनवर रडली. मग पदरानं कपाळ पुसून ती खाली गेली आणि मास्तर कठडा धरून वर जाऊ की खाली, हे न कळून तिथंच उभे राहिले.

त्या आठवड्यात मास्तरांचा पाय कुठं ठरेना. बसचा एक थांबा आधीच उतरायचे आणि चालत सुटायचे, गुडघे ठणकत असताना. घरी आले की बसायचे, उठायचे, खिडकी उघडायचे, लावायचे. बटाटे आणायला जाऊन साबण घेऊन आले. पुढच्या बुधवारी सुरक्षा दिन होता. सहा कारखान्यांची माणसं आणि सरकारी निरीक्षक यायचे होते, आणि मुख्य कार्यक्रम मास्तरांचा होता. मॅनेजरांनी त्यांच्यासाठी कोट शिवून घेतला होता. मास्तर आरशासमोर उभे राहून सराव करायचे आणि ‘बाही’ या शब्दापाशी आले की घसा खाकरायचे.

शनिवारी जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. यंत्राच्या रुळांपुढं जाळी असते. कागद अडकला की दरवेळी ती सोडवायला दहा मिनिटं जायची, म्हणून त्यांनीच ती काढून यंत्रामागं टेकवून ठेवली होती. तीन दिवस. लंबू म्हणाला होता की लावून टाक. ते म्हणाले होते, शिफ्ट संपली की लावू. कागद अडकला, लंबूनं सवयीनं हात घातला. रूळ थांबेपर्यंत हात खांद्यापर्यंत आत गेला होता. निरीक्षक यायच्या आत सुपरवायझरनं जाळी परत बसवायला लावली. ती बसवलीही त्यांनीच. बाही नंतर चौकशीच्या कागदावर आली.

बायकोनं ताट बाजूला सारलं.

“बारा वर्षं शेजारी बसून जेवताय, आणि आज सांगताय?”

मग मास्तरांनी त्या शेवटच्या शब्दांचंही सांगितलं. यावर मात्र तिनं सारलेलं ताट पुन्हा पुढं ओढलं.

“त्या मायलेकींना बरं वाटलंय ना? मग ते तरी राहू द्या,” ती म्हणाली. उठता उठता थांबली. “पण तुम्हाला बरं वाटत नाहीये. तेही बघतेय मी.”

बुधवारी हॉल गच्च भरला होता. भिंतीला लागून माणसं उभी होती. पहिल्या रांगेत मॅनेजर, शेजारी निरीक्षक. पॅकिंगचं काम चालू असल्यामुळं तिकडून दोघांनाच पाठवलं होतं आणि त्यांत लंबूची बायको नव्हती. दिवे मालवले गेले. मास्तरांनी सुरुवात नेहमीसारखी केली. डोळ्यांत बघितलं, आवाज चढवला, उतरवला. हेल्मेट वाजवल्याचा किस्सा सांगितला, लोक पोटभर हसले. मग रुळांचा फोटो आला. मास्तर थांबले.

चार आकडे झाले. दहा झाले असतील. मॅनेजर खुर्चीत हलले. कुणीतरी खोकलं.

“जाळी मी काढली होती,” मास्तर म्हणाले.

त्यापुढचं बोलणं बोलायला शिकवणाऱ्या त्या बाईंनी ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता. मास्तर कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हते. वाक्यं अर्धवट सुटत होती. तीन दिवस म्हणाले, मग नाही, साडेतीन म्हणाले, कारण आदल्या शनिवारचा अर्धा दिवसही धरायला हवा. शर्ट अर्ध्या बाह्यांचा होता, हे सांगितलं. जाळीचे आठ बोल्ट आणि त्यांतला एक झिजलेला, त्यामुळं वेळ लागायचा, हेही सांगितलं. निरीक्षकांनी खिशातून पेन काढलं. मग मास्तरांनी बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर ती पांढरी अक्षरं उमटली. ती वाचायला त्यांनी वेळच दिला नाही. पुन्हा बटण दाबलं, पडदा कोरा झाला. ते शब्द खोटे होते, हे सगळ्यांत आधी ज्या माणसाला कळायला हवं ते हॉलमध्ये नव्हतं.

दिवे लागले. टाळ्या पडल्या नाहीत. मास्तरांनी सवयीनं विचारलं, कुणाला काही विचारायचंय का.

दुसऱ्या कारखान्याचा एक जाडजूड ऑपरेटर उभा राहिला.

“आठ बोल्टला दहा मिनिटं? आमच्याकडं बारा बोल्ट आहेत. आम्ही पण काढूनच ठेवतो.”

त्याच्या साहेबांनी चमकून मागं पाहिलं, पण तोवर आणखी एक जण उठला होता. जाळीला बिजागरी का लावत नाहीत, असं त्यानं विचारलं. मग तिसरा. प्रश्न अर्धा तास चालले. शेवटी मॅनेजरांनीच माईक हातात घेऊन आभार मानले.

मॅनेजर ओरडले वगैरे नाहीत. चौकशी पुन्हा उघडेल, त्यात जे व्हायचं ते होईल, म्हणाले. तोवर सोमवारचा तास बंद, उद्यापासून स्टोअर. कोट परत करायचा का, असं मास्तरांनी विचारलं. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

स्टोअर म्हणजे तळमजल्यावरची, एका खिडकीची खोली. गुरुवारी दुपारच्या सुट्टीत पॅकिंगमध्ये जायचं, असं मास्तरांनी ठरवलं होतं. सकाळपासून दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. पण साडेदहालाच ती खिडकीशी आली. चिठ्ठी पुढं सरकवली : चिकटपट्टी, सहा नग. मास्तरांनी सहा रिळं फळीवर ठेवली. तिनं ती उचलली नाहीत.

“जाळीचं कळलं,” ती म्हणाली. “सगळ्या पॅकिंगला कळलंय.”

तेव्हाच घरी येऊन सांगायला हवं होतं, असं काहीसं मास्तर पुटपुटले. एक रीळ हातात घेऊन ती नखानं पट्टीचं टोक शोधू लागली.

“अजून एक आहे, वहिनी,” मास्तर म्हणाले. “तो काही बोलला नाही. स्ट्रेचर यायच्या आधीच त्याची शुद्ध गेली होती. ते शब्द मी रचले.”

तिचं नख रिळावरून फिरत राहिलं. पूर्ण एक फेरा झाला.

“ते तिला पोरगी कधी म्हणायचे नाहीत. बाळच म्हणायचे,” ती म्हणाली. “मला तिथंच खटकलं होतं. म्हटलं, तुमच्यापुढं म्हणत असतील.”

मुलीला सांगणार का, हे विचारायचं धाडस मास्तरांना झालं नाही. मागं कुठंतरी पंखा घरघरत होता. तिला टोक सापडलं, तिनं ते थोडं उचललं आणि पुन्हा चिकटवून टाकलं.

“मग बोलले काय ते त्या दिवशी?” तिनं विचारलं. “सकाळपासून बरोबर होतात. काहीतरी बोलले असतील की.”

मास्तरांनी आठवून पाहिलं. या गोष्टीला बारा वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

“सायकलचं बोलत होता,” ते म्हणाले. “पुढचं चाक लंगडतंय म्हणाला. परवापर्यंत नीट होती, मग मध्येच काय झालं, हेच धरून बसला होता. मी म्हटलं, जुनी झाली, विकून टाक. तर माझ्यावरच चिडला. मग तासभर बोलला नाही.”

तिनं हातातलं रीळ फळीवर ठेवलं.

“ती मी आपटली होती,” ती म्हणाली. “शिकायची म्हणून गुपचूप काढली होती, फाटकावर जाऊन धडकले. संध्याकाळी ते आले की सांगणार होते.”

तिच्या मागं चिठ्ठी घेऊन आणखी एक माणूस येऊन उभा राहिला. तिनं सहाही रिळं मनगटातून कोपरापर्यंत चढवली, वहीत सही केली आणि निघाली. वळणावर पुठ्ठ्यांची ट्रॉली आडवी आली म्हणून ती भिंतीला टेकली. ट्रॉली निघून गेली तरी ती तशीच टेकून उभी होती. मागच्या माणसानं दोनदा चिठ्ठी पुढं केली. मास्तरांनी तिसऱ्यांदा घेतली.