भिंतीवरचं फाटक

बेटाच्या कमरेला आडवी दगडी भिंत होती. वर धनगरांचं गाव, खाली बंदर. यंदा जव भिंतीच्या खालच्या अंगाला होता, शेळ्या वरच्या; पुढच्या वर्षी उलट. रीत जुनीच: जवात घुसलेली शेळी शेतवाल्याने खुशाल मारावी, कान कापून फाटकाला टांगावेत, आणि मालकाने हूं की चूं करू नये. हूं की चूं न करणारा धनगर मात्र देवाने अजून घडवलेला नाही!

थेमेलिना माहेरून उतरत होती तेव्हा फाटकावर कानांची माळ लटकत होती. कानांवरची खूण तिच्या भावाच्या, साकेल्लारिसच्या कळपाची. सकाळी वर जाताना आजारी आईसाठी रश्शाचं पातेलं दोन्ही हातांत होतं, तिने फाटक कमरेने ढकललं आणि पुढे गेली. लहानपणापासून ती कळपाच्या पुढे चालायची, साकेल्लारिस मागे. फाटक लावायचं काम मागच्याचं. आज मागे कुणीच नव्हतं.

खाली शेतात तिचा नवरा नोमिकोस आणि साकेल्लारिस एकमेकांना भिडले होते. तुडवलेल्या जवात शेळ्या पडल्या होत्या. भिंतीवर दोन्ही गावांची माणसं जमली होती; सोडवायला एक मेला पुढे होईल तर शपथ.

"दाजी, गाभण होत्या त्या! हात कसा उचलला गेला तुमचा?"

"वर्षाची भाकरी खाल्ली त्यांनी माझी! मुद्दाम फाटक उघडलंस, चोरा!"

"आईशप्पथ, मी नाही उघडलं!"

"खोटी शपथ घेऊन त्या म्हातारीला कशाला मारतोस फुकट?"

साकेल्लारिसने सुरी उपसली. नोमिकोसची काठी मनगटावर बसली, सुरी उडाली. दुसरा फटका भुवईवर बसला, डोळा रक्ताने भरला. तरी त्याने दाजीचा गळा धरला आणि दोघे जवात गडबडा लोळले. नोमिकोस वर आला. गुडघा मेव्हण्याच्या छातीवर ठेवून तो डोक्यावर काठी घालणार, तोच थेमेलिना ओरडत मध्ये पडली.

"सोडा त्याला! मी उघडं टाकलं फाटक! मी, मी!"

दोघेही थांबले. नोमिकोस उठला. तेवढ्यावर मिटलंही असतं. पण भिंतीवरून कुणीतरी खिदळलं, "अरे नोमिकोस, तुझ्याच दावणीची शेळी निघाली की! हिचे कान कधी टांगतोस?"

दोन्ही गावं हसली. नोमिकोसच्या मस्तकात तिडीक गेली. पहिला फटका तिच्या खांद्यावर आला, दुसरा कानशिलावर. ती कोसळली. तो थांबेना. तिसऱ्यांदा काठी उचलली आणि तशीच हातातून गळाली. साकेल्लारिसने जवात पडलेली सुरी उचलून त्याच्या बरगडीखाली मुठीपर्यंत घातली होती.

थेमेलिना रांगत गेली. डोक्यावरचा रुमाल सोडून तिने जखमेत कोंबला, दोन्ही तळहातांनी दाबून धरला. रक्त बोटांमधून येतच राहिलं. "अहो, बघा ना माझ्याकडे," ती म्हणत होती. त्याने बघितलं, आणि मग बघणं थांबलं.

"ताई," साकेल्लारिस म्हणाला, "मारत होता गं तुला. तुझ्यासाठी केलं मी. चल, घरी चल."

"घरी?" ती किंचाळली. "कुठल्या घरी रे? खाली मी खुन्याची बहीण. आणि वर तुझ्या हातची भाकरी खाऊ? या हातची?"

भिंतीवर आता कुणी हसत नव्हतं. बंदराकडची माणसं दगड उचलत खाली उड्या टाकू लागली. थेमेलिनाने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. साकेल्लारिस तिच्याकडे बघत उभाच होता.

"पळ," ती म्हणाली. "पळ, मेल्या. आणि मला परत तोंड दाखवू नकोस."