यंदा मात्र विचारायला हवं

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. नोकरीत होता तोवर कराचं विवरण स्वतःच भरायचा आणि त्याचा त्याला जरा तोराही होता. एकदा कंटाळून करसल्लागार बाईंकडे गेला, तर त्यांनी कागद चाळून परत दिले. "पगार आणि बँकेचं व्याज, एवढंच ना? मला कशाला पैसे देता? घरबसल्या होईल."

यंदा गोष्ट वेगळी होती. नोकरी सोडून त्याने घराच्या मागच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं होतं, भट्टी घेतली होती, पॉलिशचं मशीन घेतलं होतं. त्यातच वडिलांच्या पश्चात त्यांचं घर विकून त्याने आणि ताईने वाटणी केली होती. सुट्टी आली की तो कॉम्प्युटरसमोर बसायचा. एक रकाना भरला की दुसरा लाल व्हायचा. मग कुणी जेवायला हाक मारली तरी खेकसायचा.

"अहो, उठा आता," बायको म्हणाली. "त्या बाईंकडे जा."

"फी माहीत आहे का त्यांची?"

"दात कोरून पोट भरत नाही. हे निदान तुम्हाला तरी सांगावं लागू नये!"

चिडायचं सोडून तो हसलाच.

बाईंचं ऑफिस औषधांच्या दुकानावर होतं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं आलात. पगार होता तेव्हा माझी गरज नव्हती. आता स्वतःचा धंदा आहे, घर विकलंय. अशा वर्षी विचारलेलं बरं." मग एकेक प्रश्न सुरू झाले. "त्या घरावर बांधल्यानंतर कुणी मोठा खर्च केला होता?"

"छत नवं आहे. बाबांनीच घातलं असेल."

"असेल नको. विचारा. ज्याने केला त्याच्या हिशेबात तो धरता येईल."

त्याने तिथूनच ताईला फोन लावला. छत बाबांनीच घातलं ना, असं विचारलं.

"मी घातलं रे."

"तू? आणि मला पत्ता नाही?"

"तुझं तेव्हा नुकतं लग्न झालेलं. बाबा म्हणाले, त्याला सांगू नकोस, पैशांसाठी ओढाताण करील."

"पण वाटणीच्या वेळी तरी बोलायचंस ना!"

"अरे, बाबांच्या डोक्यावर छत घातलं, त्याचा काय हिशेब मागायचा?"

त्याने फोन खाली ठेवला. बाईंनी पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला आणि उगीचच एक फाइल उघडून वाचू लागल्या.

ताईही आपल्या विवरणापुढे हात टेकून बसली होती, पण कुणाला बोलली नव्हती. त्याच आठवड्यात दोघं भावंडं बाईंसमोर शेजारी शेजारी बसली. छत घालणाऱ्या कंत्राटदाराची बिलं ताईकडे होती; तो खर्च तिच्या नावावर लागला. त्याच्या भट्टीचा आणि मशीनचा खर्चही नीट मार्गी लागला. फी देताना त्याने घासाघीस केली नाही.

"तुमचे उपकार आहेत, बाई. तुम्ही विचारलं नसतं तर मला कधी कळलंच नसतं."

"मी फक्त खर्चाचं विचारलं," बाई म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी आधी नुसतं दाखवायला या. सोपं असेल तर परत पाठवीन."

जिना उतरताना त्याने ताईचा हात धरला. लहानपणी ती त्याचा धरायची. "छताचे निम्मे पैसे मी देणार," तो म्हणाला.

"गप रे!"

"देणार म्हणजे देणार."

"ते बघू मागाहून. आधी घरी चल. तुला इथे बायकोनेच धाडलं ना? तिला भेटायचंय मला."