फ्लॉपीत राहिलेले नऊ दिवस

मी एक फ्लॉपी बोलतेय. काळी, चौकोनी, तळहातात मावणारी. सत्याण्णव साली शुभांगीबाईंनी मला नगरहून कर्जतला आणलं. बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि लिहायच्या. त्या वर्षी त्यांच्या टिपणांच्या वह्यांना वाळवी लागली. पेटी उघडली तर आत नुसता भुसा! आता कागदाचा भरवसा नाही, असं त्यांनी ठरवलं.

आधी भावाने दिलेली डिजिटल डायरी वापरून पाहिली. तिला मराठी येईना. 'आई' इंग्रजी अक्षरांत लिहिताना बाईंना कसंतरीच झालं. मग त्या गहिनीनाथच्या कॉम्प्युटर क्लासात आल्या. तिथे पडद्यावर मराठी उमटत होतं.

"हिला वाळवी नाही ना लागणार?" मला पुढे करत बाईंनी विचारलं.

"शंभर वर्षं काही होत नाही, बाई," गहिनीनाथ म्हणाला. त्यालाही तसंच वाटत होतं.

एका रविवारी बाईंनी आपल्या आईला, आक्काबाईंना, सोबत आणलं. आक्काबाईंनी वीस हंगाम ऊस तोडला होता. त्या सांगत होत्या, बाई टाइप करत होत्या. मधेच म्हातारी म्हणाली, "तुज्या आदी एक पोरगी हुती. फडावर, पाचटाच्या कोपीत झाली. नऊ दिस जगली."

बाईंची बोटं थबकली. हे त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं.

"थांबलीस का? लिव की."

त्या नऊ दिवसांचं एकेक वाक्य माझ्यात उतरलं.

पुढे क्लास बंद पडला. कॉम्प्युटर विकून गहिनीनाथ कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. मी कपाटात पडून राहिले. मग एक दिवस आक्काबाई म्हणाल्या, "माज्या पोरीचं लिवलंयस, त्ये वाचून दाव."

दोघी मला घेऊन एसटीने नगरला आल्या. दुकानदाराने मला यंत्रात सरकवलं. पडदा भरला, पण मराठी कुठलं? टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि वेड्यावाकड्या खुणा!

"फॉन्ट कोणता होता, मॅडम?"

बाईंना नाव माहीत नव्हतं. तीन दुकानं झाली. प्रत्येक ठिकाणी मी आतून ओरडत होते, अहो, सगळं आहे, काना-मात्रेसकट आहे! पण मला तोंड कुठलं?

स्टँडच्या बाकावर बाईंनी पर्समधून कागद काढला. "आई, परत सांग. मी लिहून घेते."

आक्काबाईंनी कागद बाजूला सारला. "तवा सांगवलं गं. आता न्हाई सांगवायचं."

बाईंचे डोळे भरून आले. म्हातारीने त्यांच्या हातातून मला काढून घेतलं.

"हिच्यात हाय न्हवं?"

"आहे. पण वाचता येत नाही."

"मंग हाय की," आक्काबाई म्हणाल्या आणि मला पदराखाली धरून एसटीत चढल्या.

आता नव्व्याण्णव सरत आलंय. मी आक्काबाईंच्या फडताळात आहे. ती तान्ही माझ्यात कोंडलीय आणि मी तिच्यासकट इथे. ती अक्षरं ओळखणारं यंत्र तुमच्यापैकी कुणाकडे असेल, तर कर्जतला या. फार दिवस लावू नका. आणि वाचाल तेव्हा म्हातारीच्या कानाशी, जरा मोठ्याने वाचा. तिला हल्ली कमी ऐकू येतं.