पाठीवरचं डुक्कर

“बाई, तुम्ही शेवटचं डुक्कर कुणाला म्हणालात?”

वर्गातल्या सगळ्या माना वळल्या. थोरली हात मागे बांधून उभी, आणि मागच्या बाकावर तिच्या दोन मैत्रिणी तोंडात रुमाल कोंबून बसलेल्या. पैज त्यांचीच. एक टाचणी, अंगानं तशी आणि जिभेनंही तशीच. दुसरी वकील, जिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही.

झालं होतं असं, की भाषेच्या बाईंनी वर्गात चिठ्ठ्या फिरवल्या होत्या. एका चिठ्ठीत एक शब्द. पुस्तक उघडायचं नाही, मोबाईल उघडायचा नाही. माणसांना विचारायचं, आणि तो शब्द कोण कुठे कसा वापरतं ते एकेका कार्डावर लिहून आणायचं. टाचणीला ‘पाणी’ मिळालं, वकिलाला ‘हात’. थोरलीच्या चिठ्ठीतून निघालं ‘डुक्कर’. “सुरुवात बाईंपासून कर,” टाचणी म्हणाली, “हिंमत असेल तर.”

दोन महिन्यांपूर्वी कुणी असं म्हटलं असतं, तर थोरलीनं मान खाली घालून बूट बघितले असते. पण तेव्हा ती रस्सीखेचीच्या संघात नव्हती. आता होती, आणि तीही सगळ्यात शेवटी, दोर काखेतून पाठीवर घेऊन पाय रोवणारी. ती हलली तर संघ गेला. मुलींनी तिचं नाव ठेवलं होतं खुंटा. ज्या अंगाची तिला सातवीपर्यंत लाज वाटायची, त्या अंगावर आता सात मुली विसंबून असायच्या. मग हिंमत काय, ती ओसंडून वाहत होती.

बाईंनी चष्मा काढला. रागावणार, असं सगळ्यांना वाटलं.

“आज सकाळी,” बाई म्हणाल्या. “आमच्या ह्यांना. ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून.”

वर्ग फुटला. बाईंनी हात वर केला. “लिहून घे. आणि एक प्रश्न अजून विचारत जा. तुम्हाला शेवटचं कुणी म्हटलं, तेही विचार.”

थोरलीनं आठवडाभर गल्ल्या पालथ्या घातल्या. लांब नाकाच्या तीनचाकी टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला, आमच्या गाडीला सगळे डुक्करच म्हणतात, “बघ ना तोंड! पण माल वाहते बिचारी, कुरकुर नाही.” ओतशाळेतल्या मिस्त्रींनी लोखंडाची लादी पायानं ढकलून दाखवली. हे पिग. पूर्वी वितळलेलं लोखंड वाळूतल्या एका चरातून बाजूच्या छोट्या चरांमध्ये सोडायचे, आणि ते आईला लुचणाऱ्या पिलांसारखं दिसायचं, म्हणून. नळाच्या मोठ्या पाइपात गाळ काढायला जो गोळा सोडतात, त्यालाही पिग. रंगाऱ्याचा सगळ्यात महागडा ब्रश डुकराच्या केसांचा. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, आमच्याकडे एका आजोबांच्या काळजात डुकराची झडप बसवली आहे, आठ वर्षं झाली, ठणठणीत आहेत. वर्तमानपत्रवाल्यानं डुक्करमुसंडी दिली. प्रयोगशाळेतल्या सरांनी गिनीपिग दिला, जो डुकरांचा काहीच लागत नाही.

इथवर मजाच मजा होती. बाईंचा दुसरा प्रश्न विचारायला लागल्यावर मजा गेली.

‘तुम्ही कुणाला म्हणालात’ विचारलं की लोक हसायचे, डोकं खाजवायचे. “अगं, कितीदा म्हणतो, आठवतंय कुणाला!” आणि ‘तुम्हाला कुणी म्हटलं’ विचारलं, की कुणालाच डोकं खाजवावं लागत नव्हतं. शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशी, पन्नाशीच्या, हातातला झाडू भिंतीला टेकवून म्हणाल्या, “पाचवीत. गणिताच्या मास्तरांनी. फळ्यासमोर उभं करून. मी निळा फ्रॉक घातला होता.” टेम्पोवाल्याला सासऱ्यानं म्हटलं होतं, लग्नाच्या पंगतीत, दुसऱ्यांदा वाढून घेतलं म्हणून. त्यानंतर सासुरवाडीला तो कधी जेवला नाही, चहा घेऊन निघतो. ओतशाळेतले मिस्त्री लादीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, “ते नको लिहू, बाळ.”

थोरली कार्डं लिहायची आणि तिचं डोकं तापायचं. फ्रॉकचा रंग! चाळीस वर्षांनी! आणि तो मास्तर आज कुठेतरी आरामात झोपाळ्यावर बसला असेल, त्याला फळासुद्धा आठवत नसेल.

रात्री जेवताना तिनं घरी विचारलं, शेवटचं कुणाला म्हणालात. बाबांनी ताटातून मान वर न करता उत्तर दिलं.

“आत्ता. तुला. ‘डुकरे, पाणी घे’ म्हणालो की नाही?”

पाच वर्षांची धाकटी खिदळली. आई हसली. थोरलीही हसली, कारण ती नेहमीच हसायची. थोरली हे नाव पाहुण्यांसमोरचं. एरवी ती घरात जन्मापासून डुकरी. जन्मली तेव्हाच गुबगुबीत, भुकेली, रडायची तीही घुर्र घुर्र करत, असं आत्यानं कधीतरी म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. डुकरे ऊठ. डुकरे, अभ्यास झाला का? डुकरी आमची गुणाची. ताप आला की बाबा कपाळावर हात ठेवून तेच म्हणायचे. म्हणून तर ती कधी चिडली नव्हती. पण त्या दिवशी तिनं ते कार्डावर लिहिलं, आणि कागदावर ते वेगळंच दिसलं.

“आई, आणि तुला कुणी म्हटलं?”

आई भांडी गोळा करत होती. “तुझ्या आजीनं. तू झालीस त्याच्या दुसऱ्या महिन्यात. दुपारची मला झोप लागली होती, आणि त्या दारात उभ्या राहून…” ती थांबली. “जाऊ दे. आण ते ताट इकडे.”

बाबांचं कपड्यांवर छपाई करायचं दुकान होतं. चिकट प्लॅस्टिकच्या तावातून अक्षरं कापायची, आजूबाजूचा फालतू भाग चिमट्यानं सोलायचा, आणि गरम प्रेसखाली दाबायचं. खेळाचे टी-शर्ट त्यांची खासियत. दुकानाचा एकच नियम, भिंतीवर लिहून लावलेला: कागदावर असेल तेच छापायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. सामन्यांसाठी संघाचे आठ टी-शर्ट करायचे ठरले, तेव्हा काम बाबांकडेच आलं. वकिलानं यादी केली. नंबर, माप, पाठीवरचं टोपणनाव. टाचणी, वकील, वादळ, चिंच, लाटणं, सगळी ओळीनं. थोरलीच्या नावापुढे टोपणनावाच्या जागी तिनं आडवी रेघ मारून लिहिलं, ‘घरचंच माणूस’.

थोरली यादी घेऊन दुकानात गेली तेव्हा प्रेस फुसफुसत होता. “बाबा, माझं टोपणनाव टाका हं! मोठ्या अक्षरात!” ती ओरडली.

“ते मला सांगायला हवं?” बाबा ओरडले. खूश दिसत होते. ती सरावाला पळाली.

टी-शर्ट मैदानावर उघडले, प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून. एकेकीच्या हातात एकेक. टाचणीनं आपला उलगडला, नाचली. थोरलीनं आपला उलगडला.

डुकरी.

पांढऱ्या अक्षरात, वीतभर उंच, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. एक वेलांटी वाकडी नाही, एक कड उचललेली नाही. बाबांनी जीव ओतून केलं होतं.

पहिली हसली ती टाचणी. हसल्यावर तिनं लगेच तोंडावर हात ठेवला, पण हसू येऊन गेलं होतं. थोरलीच्या कानापर्यंत आग गेली. तिनं खेळाच्या सरांना सांगितलं, मी जुन्या शर्टवर खेळते. सर म्हणाले, संघाचा कपडा नसेल तर पंच उभं करणार नाहीत. “आणि एवढं काय मनाला लावून घेतेस? घरच्यांनीच घातलंय ना?”

“उलटा घालू?”

“नंबर दिसला पाहिजे.”

तिनं घातला.

पहिली खेच त्यांनी जिंकली. थोरलीनं दोर काखेतून पाठीवरून घेतला, टाचा रुतवल्या, आणि समोरचा अख्खा संघ फरफटत आणला. मग जागा बदलल्या. आता तिची पाठ दुसऱ्या शाळेच्या पोरांकडे झाली. त्यांनी वाचलं. आधी एक घुर्र आलं. मग दहा. मग पायऱ्यांवरचा सगळा जमाव तालात घुरघुरायला लागला. ओढा म्हणताच सगळं अंग दोरात घालायचं असतं, मन दुसरीकडे गेलं की टाच सुटते. तिची सुटली. दुसरी खेच गेली. तिसऱ्या वेळी तर कुणीतरी खाऊन उरलेलं सफरचंद तिच्या पायाशी फेकलं आणि “खा, खा!” म्हणून ओरडलं. थोरलीनं मान वळवली. तेवढंच पुरलं. आठ जणी मातीत तोंडावर.

अंतिम फेरीत गेला तो समोरचा संघ.

“तुझ्यामुळे नाही,” वकील म्हणाली. तिच्या कोपरातून रक्त येत होतं. टाचणी रडत होती, पण हरल्यामुळे की हसल्यामुळे, कुणास ठाऊक. थोरली रडली नाही. अंगावरचा शर्टही न बदलता ती तडक घरी आली.

आई दाराजवळ कपड्यांच्या घड्या करत होती. बाबा नुकतेच दुकानातून आले होते, मोजे काढत होते.

“आली आमची डुकरी!” बाबा म्हणाले. “काय झालं? जिंकलात ना? आवडलं का नाव?”

थोरलीनं पाठ फिरवली. दोराच्या मातीनं अक्षरं तांबडी झाली होती, पण वाचता येत होती.

“हे काय केलंत तुम्ही?”

“काय केलं? तूच म्हणालीस टोपणनाव टाका.”

“माझं टोपणनाव!”

“मग हे काय आहे?”

“खुंटा!” ती इतक्या जोरात ओरडली की आईच्या हातातली घडी सुटली. “खुंटा म्हणतात मला! दोन महिने! सगळी शाळा म्हणते! शेवटी उभी असते मी, माझ्यावर दोर असतो! तुम्ही एकदा तरी विचारलंत, सरावाला जाऊन करतेस काय? मला वाटलं तुम्हाला माहीत असेल!”

बाबांच्या एका हातात मोजा तसाच होता. “अगं, आम्ही लाडानं म्हणतो. शिवी का आहे ती?”

“दोनशे पोरं घुरघुरत होती, बाबा! तीही लाडानं?”

“ती पोरं नालायक. त्याला मी काय करू?”

“त्यांना वाचायला तुम्ही दिलंत! एवढं मोठं! माझ्या अंगाला चिकटवून!”

“आवाज खाली,” आई म्हणाली. “बाबांशी बोलतेयस. दिवसभर उभे राहून केलंय त्यांनी. मोठी झालीस म्हणून काय झालं, घरात म्हणतात असं. मलाही म्हणायचेच की सगळे.”

“हो, म्हणायचे! आणि आजी कुठे उभी होती ते तुला अजून आठवतंय!” थोरली आईकडे वळली. “दारात! दुसरा महिना! दुपार! मी तुला तारीख विचारली नव्हती, आई, तू आपणहून सांगितलीस! तुला नव्हतं ना आवडलं? मग माझ्यावर का चालवलंस?”

आईनं पडलेला सदरा उचलला, पुन्हा तीच घडी घालायला घेतली, आणि ती तिला जमेना.

“माझ्या मनात वाईट नव्हतं,” बाबा हळू म्हणाले. “खरंच नव्हतं गं. मला वाटलं, तुला हसू येईल.”

“मला माहितेय नव्हतं. म्हणून तर जास्त राग येतोय! वाईट असतं तर तुमच्याशी बोललेच नसते, विषय संपला असता!”

तेवढ्यात आतून धाकटी धावत आली. तिनं ताईची पाठ बघितली, अक्षरांवर बोट फिरवलं, नुकतीच वाचायला शिकली होती ती, आणि तिचा चेहरा फुलला. “डु-क-री! बाबा, मला पण असा! मी पण डुकरी!”

“हो गं, माझं डुकराचं पिल्लू,” बाबा सवयीनं म्हणाले. आणि म्हणता म्हणताच त्यांचा आवाज बारीक झाला.

थोरलीनं धाकटीला उचलून कडेवर घेतलं. दोरानं सोललेल्या काखेत कळ गेली, तरी घेतलं. मग ती आईबाबांच्या मधोमध जाऊन उभी राहिली, मैदानावर राहायची तशी, पाय फाकवून.

“ऐका दोघंही. आजपासून या घरात त्या नावाला मी ओ देणार नाही. जेवायला बोलवा, औषधाला बोलवा, घराला आग लागली म्हणून बोलवा, जागची उठणार नाही. आत्यालाही सांगा, फोनवर तसं म्हणाली तर मी फोन ठेवणार. आणि हिला,” तिनं धाकटीला वर सरकवलं, “हिला कुणी पुन्हा तसं म्हटलं, तर मी हिलाही ओ देऊ देणार नाही. लाडानं म्हटलं तरी नाही. लाड करायचे असतील तर तुम्ही दुसरा शब्द शोधा.”