पट्टीखालची सूचना

सरकारी नेत्र रुग्णालयाच्या हेडक्लार्कसाहेबांच्या संगणकावर रोज सकाळी एक पिवळी सूचना उगवायची : 'तुमचा ब्राउझर फार जुना झाला आहे. कृपया अद्ययावत करा.' साहेब वैतागले. एके दिवशी त्यांनी कागदाची पट्टी कापली, डिंक लावला आणि पडद्यावर नेमकी त्या सूचनेवर चिकटवली. तक्रार निकाली! फक्त जावक क्रमांक टाकायचा राहिला.

रुग्णालयाचं इंटरनेटवर एक पान होतं. कुणाची शस्त्रक्रिया कधी, ती यादी त्यावरच बघायची. चिठ्ठी कुणाला मिळत नसे. साहेब नवी नावं वर घालत, जुनी खाली सरकत. म्हणजे ज्याचा नंबर जवळ आला, तो तळाशी. आणि साहेब तळाशी कधी जात नसत.

संगणक विभागातल्या बाई दर महिन्याला येऊन सांगत, "साहेब, पंधरा मिनिटांचं काम आहे. नवा ब्राउझर टाकू द्या."

"बाई, हा माझ्या बढतीच्या आधीपासून इथं आहे. एक खाडा नाही, उलट उत्तर नाही. तुम्हीच शिका काहीतरी त्याच्याकडून!"

"पण यादी लांबत चाललीय..."

"मारुतीचं शेपूट ते, लांबणारच."

त्याच यादीत एक शिवणकाम करणारी बाई होती. काचबिंदूनं डावा डोळा आधीच गेलेला, उजव्याची शस्त्रक्रिया व्हायची होती. तिची जाऊ रोज मोबाइलवर पान वाचून दाखवायची. सोमवारी जाऊ म्हणाली, "गुरुवारी, नऊ वाजता." बुधवारी म्हणाली, "वहिनी, नाव दिसत नाही हो."

गुरुवारी सकाळी ती खिडकीशी उभी राहिली. "साहेब, परवापर्यंत नाव होतं."

"पानावर नाव नाही म्हणजे तारीख नाही. नीट वाचत जा. पुढचा कोण?"

तरी ती दुपारपर्यंत बाकावर बसून राहिली. बरोबर तिच्या डोक्यावरच्या मजल्यावर डॉक्टर हातमोजे घालून वाट पाहत होते. पाऊण तासानं त्यांनी आपल्या वहीत तिच्या नावापुढं लिहिलं : 'रुग्ण गैरहजर.' गैरहजराचा नंबर पुन्हा शेवटी. दीड महिन्यानं तो आला, तेव्हा वाचवायला डोळा उरला नव्हता.

"स्वतःच्याच डोळ्याची एवढी बेफिकिरी!" डॉक्टर चिडून साहेबांच्या टेबलाशी म्हणाले. संगणकाच्या बाई तिथंच होत्या. त्यांनी आपल्या यंत्रावर पानाच्या जुन्या प्रती उघडल्या.

"साहेब, हे दीड महिन्यापूर्वीच्या त्या सोमवारचं पान. दोनशे बारा नावं. मंगळवारी तुम्ही वर तीन घातलीत. आता मंगळवारचं पान मोजा."

साहेबांनी मोजली. दोनशे बाराच.

"तुमच्या जुन्या ब्राउझरमध्ये ठरावीक मजकुरापलीकडे मावतच नाही. वर तीन घातली की खालची तीन पडतात. पान जतन होतं, आकडा तोच राहतो, म्हणून कुणाला पत्ता नाही. दीड महिना तरी हेच चाललंय! यंत्रानं रोज सांगितलं, मी दर महिन्याला सांगितलं. तुम्ही आमची दोघांचीही तोंडं बंद केलीत."

साहेबांनी नखानं पट्टी खरवडली. नवा ब्राउझर यायला अकरा मिनिटं लागली. त्यांनी पडलेली एकोणतीस नावं एकेक करून परत घातली आणि संध्याकाळी शिवणवालीचं घर शोधत गेले.

ती दाराशी बसली होती. मशीनवर चादर टाकलेली.

"बाई, चूक माझी होती. नाव पानावरून मीच पाडलं."

ती म्हणाली, "म्हणजे जाऊ बरोबर वाचत होती?"

"अगदी बरोबर."

"मी तिला आंधळी म्हणाले, साहेब. दीड महिना आम्ही एका घरात बोललो नाही. तरी दोन वेळा ताट तीच पुढ्यात ठेवते." तिनं आत मान वळवली. "ती स्वयंपाकघरात आहे. आता हेच तिला सांगा. मोठ्यानं सांगा, मलाही ऐकू येऊ दे."

साहेब चपला काढून आत गेले आणि मोठ्यानं सांगितलं.

मंडळी, यंत्र जुनं असणं हा गुन्हा नाही. ते जुनं झाल्याचं कुणी सांगत असताना आपण कान बंद करतो, हा गुन्हा आहे! त्याची शिक्षा आपल्याला होत नाही. ती भलत्याच माणसाला होते, आणि वर तो आपल्याच माणसाला दोष देत बसतो.