एका घरचा गहू

"मास्तर, ह्यो गहू किडका हाय का, तेवढं बगून सांगा."

लीलाबाईनं पदराची गाठ सोडली आणि मूठभर गहू माझ्या टेबलावर, उघड्या वहीवरच ओतला. शनिवारची दुपार होती. दुसऱ्या दिवशी सांगलीहून पाळकसाहेब प्रभुभोजनाच्या उपासनेसाठी यायचे होते, आणि मी फळ्यावर गीतांचे क्रमांक लिहून नुकताच येऊन बसलो होतो.

"चांगला आहे की," मी म्हणालो.

"चष्मा लावून बगा. खडा हाय? काडी हाय?"

"काही नाही."

"मग आमचाच का नगं? शालूबाई टोपली घिऊन सकाळधरनं समद्या आळीनं फिरली. धोंडुबाईकडनं घेतला. तिच्या गव्हात निम्मा भुसा, त्यो चालतोय. आन् माज्या दारावरनं मान खाली घालून गेली. ह्यो तिसरा म्हैना, मास्तर. दोन म्हैनं मी गप बसले."

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. आष्ट्याच्या बाहेर ओढ्याच्या काठी अठ्ठावीस घरं, मिशनची चार वर्गांची शाळा आणि एक दवाखाना. दर महिन्याच्या प्रभुभोजनात सगळ्यांनी वाटून खायची भाकर विकत आणायची नाही, अशी आमच्याकडची जुनी रीत होती. आदल्या दिवशी प्रत्येक घरातून एक मूठ गहू गोळा करायचा, तो एकत्र दळायचा आणि त्याची बिनमिठाची एक जाड पोळी करायची. लढाईच्या दिवसांत गहू रेशनवर आला तेव्हा कुणी अर्धी मूठ दिली, कुणी मोजून वीस दाणे दिले, पण दिले. ज्या घरचा गहू त्या पोळीत नाही, ते घर मंडळीबाहेर टाकल्यासारखं. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं.

हे काम चौदा वर्षं शालूबाईकडे होतं. ती दवाखान्यात जखमांच्या पट्ट्या धुवायची. नवरा पटकीत गेला तेव्हा तिचा शांतवन तीन वर्षांचा होता. आम्ही सगळे त्याला शांतू म्हणायचो. बेचाळीस सालच्या डिसेंबरात तो लीलाबाईच्या अर्जुनाबरोबर पलटणीत भरती झाला. दोघंही ब्रह्मदेशाकडे गेले. अर्जुना चार महिन्यांपूर्वी, एक पाय ओढत का होईना, परत आला. शांतू गेल्याची तार चव्वेचाळीसमध्येच आली होती.

"माजा परत आला ह्यो माजा गुन्हा हाय का?" लीलाबाईचा आवाज चढला होता, तो एकदम खाली आला. "आला त्योबी कुटं समदा आलाय? दोन डाव तिच्या दारात जाऊन बसला, शांतूचं सांगाय. तिनं कडी लावून घेतली. तुमी पंच हाय मास्तर. दर बेस्तरवारी आमाला मनाच्या विकारांवर शिकवताय. आता जरा तिला शिकवा."

गहू तिथंच टाकून ती गेली.

ज्या वहीवर तो गहू पडला होता ती त्याच व्याख्यानांची होती. राग, लोभ, मत्सर, भीती, शोक, प्रेम, असे सहा भाग मी केले होते. माणसाला चालवणारे हे बैल आहेत, ते मारून टाकायला देव सांगत नाही, त्यांना त्याच्यासमोर घेऊन या एवढंच सांगतो, असं काहीसं मी लिहिलं होतं. दवाखान्याच्या दारातून जसा कुणी रोगी परत पाठवला जात नाही तसा देव कुठलाही विकार परत पाठवत नाही, हा दाखला मला फार आवडला होता. माझ्या बोलण्याचा कुणाला उपयोग होतो का, याची मला नेहमीच शंका असे. तरी हा दाखला सांगताना दोन बायकांनी माना हलवल्या होत्या, आणि घरी येताना मी थोडा खूश होतो हे कबूल केलं पाहिजे.

मी गहू रुमालात बांधला आणि शालूबाईकडे गेलो.

ती जात्यावर बसली होती. मला पाहून तिनं डोईवरचा पदर सारखा केला, पण हात थांबवला नाही.

"बसा मास्तर. पाट घ्या."

मी बसलो. रुमाल सोडून जात्याशेजारी ठेवला. तिनं गव्हाकडे एकदा पाहिलं.

"लीलाबाईचा न्हवं?"

"हो."

"उचला त्यो."

"शालूबाई, असं करून कसं चालेल? उद्या..."

"मला ठावं हाय उद्या काय हाय. मी काय मुद्दाम करतीया व्हय? पैल्या म्हैन्याला घेतला हुता तिच्या घरचा. जात्यात टाकला. आन् हात फिरंना. आईच्यान, खुटा धरला तर हात फिरंना. मनात एकच येतंय, तिच्या घरात दोन ताटं, माज्या घरात एक. असल्या मनानं दळल्यालं प्रभूच्या मेजावर कसं ठेवू? म्हनून मग त्यो गहू काडून पाखरांस्नी टाकला. तवापस्नं घेतच न्हाई. खोटं करन्यापरास ह्ये बरं."

मी माझा दाखला सांगायला सुरुवात केली. विकार देवासमोर घेऊन जावेत, वगैरे. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. ती नेहमी ऐकून घ्यायची.

"नेतीया की. रोज नेतीया," ती म्हणाली. "तुमी म्हनता घिऊन या, म्या घिऊन जातीया. पर तितं ठिवून कोन घ्येतंय, मास्तर? उटताना परत माज्याच वट्यात. किती वर्सं न्हियाचं आन् आनायचं?"

यावर वहीत काही नव्हतं.

जात्याचा आवाज चालू राहिला. तीच पुढं बोलली, "अर्जुना परत आला ह्याचा मला राग न्हाई. लोकांस्नी तसं वाटतंय. लीलीबी तसंच म्हनत आसंल. माजा राग दुसराच हाय. शांतूला सांगलीतनं भरतीवाल्यांनी एकदा परत लावला हुता. पोर ल्हान दिसतंय, वयाचा दाखला आन म्हनले. मी म्हनलं सुटलं. सतरा वर्साचं माजं पोर, त्याला कोन दाखला देतंय? आन् आठ दिसांत गेलं की! ह्या अर्जुनानंच कुटनं तरी खोटा दाखला आनला. त्याला एकट्याला जायाचं भ्या वाटत हुतं, म्हनून माजं न्हेलं."

दारातून ऊन आत आलं होतं. माझ्या चपलांवर पडलं होतं. मी चपलांकडे पाहत होतो.

मंडळीची बाप्तिस्म्याची नोंदवही माझ्याकडे असे. शांतू दाखला मागायला आला त्या दुपारी मी वाचत होतो. मिशनच्या डॉक्टरसाहेबांनी दोन दिवसांसाठी दिलेलं एक पुस्तक होतं, दुसऱ्या दिवशी परत करायचं होतं आणि ऐंशीएक पानं उरली होती. तो म्हणाला, दाखला पायजे, अठरा लिवा. मला माहीत होतं की वहीत जन्माचं साल पंचवीस आहे. नाही म्हटलं तर तो का म्हणून विचारील, गयावया करील, मग मला त्याच्याकडे पाहून काहीतरी बोलावं लागेल. एवढं सगळं टाळावं म्हणून मी चोवीस लिहिलं, सही केली, शिक्का मारला. लोभ नव्हता, राग नव्हता. माझ्या सहा भागांत जिला जागाच नव्हती ती भीड होती.

तार आल्यावर मी शालूबाईकडे सांत्वनाला आलो होतो. शोकावर बोललो होतो.

"शालूबाई," मी म्हणालो, "तो दाखला मी दिला."

जातं लगेच थांबलं नाही. अर्धा फेरा झाला, मग थांबलं.

"काय म्हनला?"

"मी दिला. खोटं साल घातलं. अर्जुना दारात उभा होता, त्याला माहीत आहे. त्यानं कुणालाच सांगितलं नाही, माझ्यासाठीच नसेल सांगितलं."

तिनं खुट्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. हाताला पीठ लागलेलं होतं. ती रागावेल, ओरडेल, मला बाहेर जा म्हणेल, याची मी वाट पाहत होतो. खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"काय म्हनला त्यो?" तिनं विचारलं.

"कोण?"

"शांतू. दाखला मागाय आला तवा. काय म्हनला?"

"अठरा लिहा म्हणाला."

"आजून?"

"आठवत नाही."

"आठवा की मास्तर. आई म्हनून काय बोलला? माजं नाव तरी काडलं आसंल."

"मी वाचत होतो, शालूबाई."

"वाचत हुता, पर कान तर उगडं हुतं." ती गुडघ्यावर पुढं सरकली. "बरं, न्हाई आठवत तर ऱ्हावू द्या. तोंड कसं हुतं त्याचं? हसत हुता का रडवेला हुता? ते तरी सांगा."

"मी वर पाहिलं नाही."

त्या वेळी मला काहीही सांगता आलं असतं. आईची काळजी घ्या म्हणाला, डोळ्यांत पाणी होतं, एवढं सांगितलं असतं तर त्यावर ती उरलेली वर्षं काढू शकली असती. मी सांगितलं नाही. ते खरेपणानं की पुन्हा एकदा धीर झाला नाही म्हणून, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

मग ती उठली, दळलेलं पीठ परातीत भरलं, वर फडकं बांधलं आणि परात माझ्यापुढं ठेवली.

"ह्ये न्या. आज माज्या हातनं पोळी व्हायची न्हाई."

"मला क्षमा करा म्हणायचा मला अधिकार नाही, पण..."

"मास्तर," ती म्हणाली, "आता बोलू नगा. चार म्हैनं त्या पोराच्या तोंडावर कडी लावली म्या. आता तुमचं काय करू ते मला सुचंना. जावा."

परात घेऊन मी रस्त्यानं आलो. ती कुणाकडे द्यावी हे मला कळेना. लीलाबाईकडे नेण्याचं धाडस झालं नाही.

रविवारी सकाळी मी पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते तरुण होते, सायकलवरून सांगलीहून आल्यानं घामाघूम झाले होते. त्यांनी मला एकही वचन ऐकवलं नाही. आपल्या न्याहारीसाठी आणलेला पाव पिशवीतून काढला आणि तोच मेजावर ठेवला. लोकांनी पावाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. बिराप्पा नावाचे आमचे दुसरे पंच आहेत, ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मास्तर, ह्यात कुनाची मूठ?" ताट माझ्यापर्यंत आलं तेव्हा तुकडा न घेता मी ते पुढं दिलं. शालूबाईची जागा रिकामी होती. लीलाबाईचीही.

उपासना सुटल्यावर मी सरळ शालूबाईच्या घराकडे निघालो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

दार उघडं होतं. बाहेर, भिंतीच्या सावलीत लीलाबाई मातीतच बसली होती. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"फाटंच आमच्याकडं आली," ती हळूच म्हणाली. "माज्याशी एक शबुद बोलली न्हाई. अर्जुनाला म्हनली, चल. तवापस्नं दोगं आत हायती. त्यानं अजून च्याबी घेतल्याला न्हाई."

आतून अर्जुनाचा आवाज येत होता. तो भिंतीला टेकून, आखडलेला पाय लांब करून बसलेला दिसत होता. शालूबाई त्याच्यासमोर होती. तिची पाठ दाराकडे होती.

"...तापातच हुता. तीन दिस. बाहीर पाऊस नुसता. दवाखान्याच्या तंबूतनं पानी यायाचं."

"पांघराय काय हुतं?"

"ब्लँकेट हुतं, मावशी. पर भिजल्यालं."

"मग?"

"पिळून घातलं."

"तू एकल्यानं पिळलंस? एवढं जड?"

"न्हाई. माजा पाय बांदल्याला. मी खाटंवरनंच एक टोक धरलं. पल्याडल्या खाटंवर एक शीख हुता, त्यानं दुसरं धरलं. त्यालाबी लागल्यालं हुतं, पर उटला."

"नाव काय त्याचं?"

"करनैल."

लीलाबाई मान खाली घालून बोटानं माती सारखी करत होती. मी आत गेलो नाही, आणि परत फिरणंही मला जमलं नाही.

"करनैल," शालूबाई म्हणाली. अपरिचित नाव तिनं सावकाश, तुटक करून घेतलं. पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मग अर्जुनाच्या पायाखाली सरकलेली वाकळ नीट करत ती म्हणाली,

"व्हय. आता फुडं सांग. घाई करू नगंस."